चेलोवाले कायतान मास्तर

कायतान मास्तरांना नंदुरबारला राहायचं नव्हतं. ते इथे एका नाटक कंपनीबरोबर आले आणि ती कंपनी इथेच मोडली. नायिकेचं काम करणारा नट मालकाशी भांडून सुरतेच्या गाडीत बसला, त्याच्या मागोमाग तबलजी गेला, मग एकेक करत सगळेच पांगले. मास्तर तेवढे मागे राहिले, कारण त्यांना विषमज्वर झाला होता. मिरचीचे व्यापारी नथूशेठ यांच्या वखारीमागच्या एका खोलीत ते निपचित पडून होते. नथूशेठच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, त्यांना पेज भरवून भरवून उठवलं. ते भिंतीला धरून अंगणात येऊ लागले, तोवर कंपनीचे पडदेसुद्धा कुणीतरी विकून मोकळं झालं होतं.

त्याच अंगणाच्या दुसऱ्या बाजूला मी आणि माझी आई राहत होतो. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवायची. धुळ्याकडून बदलून आलेली, कानावर पडणारी अहिराणी समजायची पण बोलता यायची नाही. मास्तरांची तर तीही अडचण नव्हती. त्यांना कुठलीच भाषा धड येत नव्हती असं आम्हाला वाटायचं. कोकणी त्यांची घरची, पण ती इथे कुणाला कळणार? त्यामुळे ते कमीच बोलायचे. चार शब्दांत भागत असेल तर पाचवा नाही.

त्यांच्या खोलीत एक भली मोठी काळी पेटी होती. आजारपणात काकूंनी ती झाडून पुसून कोपऱ्यात उभी करून ठेवली होती आणि आत काय असेल याची धास्तीही घेतली होती. एका सकाळी मास्तरांनी ती उघडली. आत फिडल होतं, पण केवढं! खुर्चीवर बसून गुडघ्यांमध्ये धरावं लागेल एवढं. मास्तर म्हणाले, "चेलो." काकूंनी विचारलं, "हाई वाजस का?" मास्तरांनी गज उचलला आणि सगळ्यांत जाड तारेवरून हळूहळू ओढला. अंगणात मिरच्या निवडणाऱ्या बाया हात थांबवून बघत राहिल्या. तो आवाज कानाला ऐकू येण्याआधी बुडाखालच्या फरशीला ऐकू येत होता.

पुढे हळूहळू त्यांची हकीकत कळली. गोव्यातल्या एका खेड्यात जन्म, चर्चच्या शाळेत छडी खाऊन नोटेशन शिकलेले. तरुणपणी मुंबईत मूकपटांच्या थिएटरात वाजवायचे. "पडद्यावर घोडो धावलो की आम्ही धावायचें. बाई रडली की आम्ही रडायचें," असं ते सांगायचे. मग बोलपट आले आणि पडद्यासमोरची वाजवणाऱ्यांची रांगच्या रांग घरी बसली. त्या नाटक कंपनीच्या मालकाला नव्या धर्तीचा वाद्यवृंद हवा होता, म्हणून मास्तरांना काम मिळालं होतं. एवढंच. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

अंगाने ते किरकोळ होते. कानशिलावरचे केस पांढरे, मिशी मात्र काळीभोर. सदरा रोज स्वतः धुवायचे आणि कॉलर तांब्यात निखारे घालून इस्त्री करायचे. अंगाला कायम राळेचा वास. गजाच्या केसांना ती राळ घासावी लागते, नाहीतर सूर निघत नाही. पहाटे उठून ते फक्त मोकळ्या तारा वाजवायचे. गाणं नाही, चाल नाही. एकच सूर, गज टोकापासून टोकापर्यंत, परत, पुन्हा. नथूशेठ उठून दात घासता घासता ओरडायचे, "मास्तर, तुमनी म्हैस आज लवकर हंबरनी!" मास्तर आतून म्हणायचे, "दूध काढतां, शेठ." हा विनोद रोज व्हायचा आणि दोघेही रोज हसायचे.

मिरचीच्या हंगामात त्यांचे हाल व्हायचे. गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरच्या वाळत पडल्या की अख्ख्या हवेत तिखट. आम्ही सरावलेलो. मास्तर चेलोला गोधडी गुंडाळायचे आणि स्वतःच्या नाकाला ओला रुमाल. तरी एकदा एका वकिलांच्या घरी बारशाला वाजवत असताना त्यांना अशी शिंक आली की गज हातातून सुटून पाळण्यात पडला. बाळ रडलं नाही. ते मास्तरांकडे टकामका बघत राहिलं. मास्तर म्हणाले, "हाका म्हजें वाजप कळ्ळें," ह्याला माझं वाजवणं कळलं, आणि पुढे वाजवू लागले.

रविवारी ते कोट घालायचे. जवळपास चर्च नव्हतं. अंगणात खुर्ची टाकून, तोंड पश्चिमेकडे करून ते गप्प बसायचे. मग उठून खोलीत जाऊन एक संथ चीज वाजवायचे, तेवढी एकच, आणि चेलो पेटीत ठेवायचे. त्या दिवशी पुन्हा पेटी उघडायची नाही.

पोटासाठी ते वकील-व्यापाऱ्यांच्या मुलांना फिडल आणि बाजाची पेटी शिकवायचे. शिकवताना नेहमी एकच सांगायचे: "हात मोकळो, तर सूर मोकळो." मुलं ते वाक्य म्हणून दाखवायची आणि हात आखडूनच वाजवायची. चेलो शिकायला कुणी आलं नाही. कोण येणार?

आमच्याकडे डिसेंबरात सारंगखेड्याला दत्ताची यात्रा भरते. घोड्यांचा मोठा बाजार असतो, त्यामुळे लांबलांबचे व्यापारी येतात आणि त्यांच्या करमणुकीला तंबूही लागतात. एका तंबूवाल्याला खेळाच्या मध्ये काहीतरी नवलाचं दाखवायला हवं होतं. त्याने मास्तरांना नेलं. मी आणि आई दर्शनाला गेलो होतो, म्हणून आम्हीही तंबूत जाऊन बसलो.

मास्तर कोट घालून आले, खुर्चीवर बसले, डोळे मिटले आणि वाजवायला लागले. ती साहेबांकडची चीज होती. सुरुवातीला खाली खाली खोल जाणारी, मग वर चढणारी. लोक शांत बसले होते. घोडे व्यापारी, शेतकरी, पोरंबाळं, सगळे. मला वाटलं, जिंकलं मास्तरांनी. वाजवणं संपलं, त्यांनी गज खाली घेतला. तंबूत चिडीचूप. आणि मागून एक आवाज आला, "ओ दादा, आते सुरू कव्हय करतस?"

लोकांना वाटलं होतं, हा इतका वेळ तारा लावतोय.

तंबू हसून कोसळायचा बाकी राहिला. मास्तरांना काय झालं ते कळलं नाही. मी पुढे जाऊन त्यांना समजावून सांगितलं. ते असे हसले की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. पुढे कित्येक वर्षं, कुणी फार गंभीरपणे काही बोलू लागलं की ते हळूच म्हणायचे, "आते सुरू कव्हय करतस?" अहिराणीतलं पहिलं पूर्ण वाक्य ते हेच शिकले.

त्या तंबूच्या दारात हिरालाल पाटील उभे होते. तापीकाठचे गुजर शेतकरी, कापसाचे बागायतदार. त्यांची मुलगी कस्तुर माझ्याच शाळेत होती. शिकायला म्हणून नंदुरबारला तिच्या फुईकडे, म्हणजे आत्याकडे राहायची. कस्तुरचा आवाज मुलीच्या मानाने फार जाड होता. प्रार्थनेच्या वेळी आमच्या गायनाच्या बाईंनी तिला मागे उभं केलं होतं आणि नुसते ओठ हलवायला सांगितले होते. पोर हुशार, पण हळूहळू वर्गात बोलायचीच बंद झाली होती. उत्तर विचारलं तर पाटीवर लिहून दाखवायची.

लोक पांगल्यावर ती बापाचा हात सोडून पुढे आली. मास्तर चेलो पेटीत ठेवत होते. तिने लाकडावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "भाऊ, हाई ते मन्हासारखं बोलस!"

बापाला ती भाऊ म्हणायची. भाऊंनी मास्तरांना म्हटलं, "आखो एकदाव वाजाडा." मास्तरांनी पुन्हा काढून वाजवलं. फक्त त्या दोघांसाठी. निघताना भाऊंनी मलाच विचारलं, "बाई, पोर शिकी का हाई?" मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी आधी मुलीच्या हाताकडे पाहिलं, बोटं उघडून बघितली, आणि म्हणाले, "शिकता."

परक्या पुरुषाकडे एकटी मुलगी कशी पाठवणार, म्हणून शिकवणीला मी बसायचं असं ठरलं. म्हणून तर मी हे सगळं सांगू शकते. कोपऱ्यात बसून मी मुलींच्या वह्या तपासायची.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. मास्तरांनी खुर्ची मांडली, स्वतः बसून दाखवलं, गुडघे फाकवून चेलो मध्ये धरला आणि कस्तुरला म्हणाले, "आता तू." तिला पोहोचवायला आलेली फुई ताडकन उठली. "ऊठ वं कस्तुर! असं पाय फाकाडीसन बसानं पोरीनी? चाल घर!" आणि पोरीला ओढत घेऊन गेली.

मास्तर गज हातात धरून तसेच उभे. मी त्यांना कसंबसं सांगितलं. ते कानापर्यंत लाल झाले. मुलीचं लग्न लहानपणीच ठरलेलं होतं. मुलगा बडोद्याला शिकत होता म्हणून थांबलं होतं इतकंच. असलं काही सासरच्यांच्या कानावर गेलं तर काय होईल, हे सांगायची गरज नव्हती.

पुढचे बरेच दिवस त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं आणि आतून पहाटेसुद्धा चमत्कारिक आवाज यायचे. सूर मध्येच तुटायचा, काहीतरी आपटायचं, मास्तर स्वतःशी पुटपुटायचे. मग एक दिवस त्यांनी मला, काकूंना आणि निरोप पाठवून फुईलाही बोलावलं. खोलीत पाट मांडला होता. मास्तर, ज्यांना आम्ही कधी खुर्चीशिवाय पाहिलं नव्हतं, ते पाटावर बसले. दोन्ही पाय एका अंगाला दुमडून, बाया जात्याशी बसतात तसे. चेलो जमिनीवर टेकवायची खालची खुंटी काढून टाकली होती. चेलोचं बूडच जमिनीवर तिरपं टेकवून त्याची मान खांद्यावर घेतली आणि वाजवलं. विजारीला गुडघ्यावर ठिगळ लागलं होतं. "बघा," ते फुईला म्हणाले, "मांडीक लागना. खांद्याक टेकता."

फुईने वाकून त्यांचे दुमडलेले पाय पाहिले. मग म्हणाली, "तंबोराना मायेक शे." तंबोऱ्यासारखं आहे. म्हणजे चालेल.

आयुष्यभर एका पद्धतीने बसलेल्या माणसाला तसं बसणं किती जड गेलं असेल ते मला त्यांच्या उठण्यावरून कळायचं. कंबर धरून, भिंतीचा आधार घेऊन उठायचे. पण कस्तुरसमोर ते खुर्चीवर कधी बसले नाहीत. मी कसा बसतो ते बघूनच ती बसणार, असं त्यांचं म्हणणं.

वर्षभर त्यांनी तिला काहीही शिकवलं नाही, असं मला वाटत होतं. नुसते लांब सूर. खालचा सूर, धर, सोड, पुन्हा धर. एक दिवस कस्तुर वैतागली. एव्हाना ती त्या खोलीत बोलायला लागली होती. "मास्तर, गानं कव्हय शिकाडशात?"

मास्तर माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही गा."

माझा गळा कसा आहे ते मला ठाऊक आहे. मी नको नको म्हटलं. पण मास्तर थांबून राहिले. मग मी शाळेची प्रार्थनाच म्हणायला लागले. दुसऱ्या ओळीत घसरलेच. मास्तरांनी कस्तुरला बोटाने खूण केली. तिने खालचा सूर धरला, आणि मला एकदम पायाखाली जमीन लागल्यासारखं झालं. त्या सुरावर मी चढले, उतरले आणि नीट शेवटाला पोहोचले. आयुष्यात पहिल्यांदा मी सुरात गायले.

"पळयलें? बघितलें?" मास्तर तिला म्हणाले. "आम्ही मागे बसणारे. पुढे गाणारो पडता कामा नये. हें आमचें गाणें." कस्तुरने नंतर तो प्रश्न विचारला नाही. पुढल्या महिन्यापासून त्यांनी तिला चालीही शिकवायला सुरुवात केली.

अडचण अशी की चेलो एकच होता, आणि तिच्या मानाने मोठा. नथूशेठच्या वखारीचे दरवाजे खांडबाऱ्याच्या रुपजी सुताराने केले होते. मास्तरांनी त्याला बोलावून चेलो दाखवला. रुपजीने तो उलटासुलटा केला, ठोकून पाहिला आणि विचारलं, "ह्याच्यात ठेवतात काय?" काही ठेवत नाहीत म्हटल्यावर त्याला नवल वाटलं. पण काम घेतलं. त्याने केलेला पहिला चेलो वैशाखात दुपारी फटाक्यासारखा आवाज करून उभा फुटला. लाकूड ओलं होतं. दुसरा शिसवी आणि सागाचा, कस्तुरच्या मापाचा, तो टिकला. तो जरा नाकात बोलायचा. मास्तर म्हणायचे, "सर्दी झाल्या ताका. वाजवून वाजवून सुटतली." आणि खरंच, वर्षभरात पुष्कळशी सुटली.

त्यातच लढाई सुरू झाली. चेलोच्या तारा आतड्याच्या असतात आणि त्या विलायतेहून यायच्या. त्या बंद झाल्या. मुंबईच्या दुकानातून नाही म्हणून आलं. मास्तर दोन दिवस सुन्न होते. मग बाजारात करीमभाई पिंजाऱ्याच्या दुकानाशी उभे राहिलेले मी त्यांना पाहिलं. करीमभाई कापूस पिंजत होता आणि त्याच्या धनुकलीची तात टणत्कार करत होती. तीही आतड्याचीच. मास्तर तिथून तात घेऊन आले, भिजवली, ताणली, घासली, बारीक केली. पहिली तात लावली तेव्हा तिला असा वास होता की गल्लीतला कुत्रा शिकवणीच्या वेळी दाराशी येऊन बसू लागला. कस्तुर म्हणायची, एवढं मन लावून ऐकणारा दुसरा कुणी नाही.

त्याच सुमारास मिंगेल आला. मुंबईतला त्यांचा जुना सोबती, ट्रंपेट वाजवणारा. गोरापान, टोपी तिरकी घातलेला, हातात सुक्या मासळीची पुडी. तो स्टेशनवरून थेट आला तेव्हा शिकवणी चालू होती. दारात उभा राहून त्याने ऐकलं आणि मग मास्तरांना बाहेर अंगणात नेलं. बोलत होता तो मिंगेलच, हातवारे करकरून. मास्तर मान खाली घालून ऐकत होते आणि मधूनमधून "ना" म्हणत होते. संध्याकाळच्या गाडीने मिंगेल परत गेला, तो जाताना रागावलेला होता हे भाषा न कळताही कळत होतं.

मी विचारलं तेव्हा मास्तरांनी सांगितलं. फिल्म कंपन्यांना आता मोठे वाद्यवृंद लागत होते. एका स्टुडिओत चेलोवाला हवा होता. कायमची नोकरी. लगेच यायला हवं होतं.

"मग?" मी म्हटलं.

"दोन वर्सांनी येतां म्हटलें."

"मास्तर, दोन वर्षांनी तिथे तुमची वाट कोण बघणार?"

"कोणूच ना."

"मग हा वेडेपणा नाही का? एका मुलीसाठी? ती लग्न होऊन जाणार. पुढे वाजवेल की नाही ते देवाला ठाऊक."

ते गजाची राळ पुसत होते. पुसणं संपवून म्हणाले, "बाई, कंपनी मला तापात टाकून गेली. मी तिका वायट म्हणतां. आता मी तशेंच केलें, तर तिका वायट कसो म्हणू?"

मला ते पटलं नाही. कितीतरी दिवस मला त्यांचा राग येत राहिला. एवढा मोठा वाजवणारा माणूस, त्याची जागा तिकडे, आणि इथे पिंजाऱ्याची तात लावून बसलाय.

कस्तुरच्या लग्नाची तारीख निघाली तेव्हा व्याही एकदा नंदुरबारला आले. त्यांना कुठून तरी कळलंच होतं. त्यांनी हिरालाल पाटलांना स्वच्छ सांगितलं, की पोरीचं इथलं शिक्षण इथेच राहू द्या, ते वाद्यबिद्य आमच्याकडे नको. भाऊंनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "आपन एकदाव आयकी ल्या." योगायोगाने शाळेचं बक्षीस समारंभाचं संमेलन त्याच आठवड्यात होतं.

दुपारची वेळ. शाळेच्या दिवाणखान्यात मुली, आया, चार प्रतिष्ठित मंडळी. पहिल्या ओळीत व्याही, पांढरा फेटा, हातात काठी. कस्तुर पाटावर बसली, रुपजीने केलेला चेलो खांद्यावर. तिच्या मागे जरा अंतर ठेवून मास्तर खुर्चीवर, स्वतःचा चेलो घेऊन. लोकांसमोर ते आपल्या जुन्या पद्धतीनेच बसले. चाल ती वाजवणार होती, खालची बाजू मास्तर.

सुरुवात छान झाली. मग मध्यावर तात तुटली. चाबूक ओढल्यासारखा आवाज आला आणि कस्तुरच्या गालावर लाल वळ उठला. बायकांमधून "अगं माय" असा उद्गार. पोर थिजली. मी उठायच्या बेतात होते. पण मास्तर माझ्या आधी उठले होते. त्यांनी आपल्या चेलोची खालची खुंटी आत सरकवली, खुर्ची पायाने मागे लोटली, खाली बसले, तिच्या हातातला चेलो काढून घेतला आणि आपला तिच्या खांद्याला टेकवला. तिच्या चेलोच्या उरलेल्या तीन तारांवर त्यांनी आधाराचा सूर धरला. तो त्यांनी लांबवत ठेवला. घाई नाही. तिने यावं तेव्हा यावं.

तो चेलो तिला मोठा होता. बोटं पुरत नव्हती. दोन-तीन सूर चुकीचे लागले. मग तिने डोळे मिटले आणि लागली. मास्तरांचा चेलो असा बोलताना मी शिकवणीच्या इतक्या वर्षांत ऐकला नव्हता, कारण तिथे मास्तर तो नेहमी तिच्या मागे राहूनच वाजवायचे. तो जाड, घोगरा, माणसाच्या गळ्याचा आवाज त्या दिवाणखान्यात पहिल्यांदा पुढे येऊन उभा राहिला. मास्तर तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते. जमिनीकडे बघत खालचा सूर सांभाळत होते.

संपल्यावर टाळ्या झाल्या. व्याही टाळ्या वाजवत नव्हते. ते काठीवर हनुवटी टेकून बसले होते. नंतर पान खाताना त्यांनी भाऊंना बाजूला घेतलं. मला वाटलं, मोडलं. त्यांनी विचारलं, "ओसरीमा माई ना हाई?"

ओसरीत मावेल ना, असं. भाऊंना आधी कळेचना. मग ते म्हणाले, "लहानला माई."

"मंग लई येवा द्या," व्याही म्हणाले आणि सुपारी कातरायला लागले.

लग्नाला मास्तर गेले. वाजवलं नाही. पंगतीत मांडी घालून बसले आणि आग्रह करणाऱ्यांना दोन्ही हातांनी थोपवत राहिले. कस्तुर पाया पडली तेव्हा त्यांनी तिचे हात हातात घेऊन बोटं उघडून पाहिली. गाडीत बसल्यावर तिच्या सामानात, गाद्यांच्या आणि भांड्यांच्या मध्ये, गोधडीत गुंडाळलेला रुपजीचा तो चेलो उभा होता.

पुढच्याच महिन्यात ते मुंबईला गेले. काकू रडल्या. नथूशेठ स्टेशनपर्यंत आले आणि म्हणाले, "मास्तर, आते माले पहाटले कोन उठाडी?" मास्तरांनी त्यांना गोव्याकडच्या पद्धतीने मिठी मारली. शेठना ती सवय नव्हती. ते ताठ उभे राहिले आणि गाडी गेल्यावर बराच वेळ उपरण्याने नाक पुसत होते. म्हणाले, मिरचीची हवा.

मुंबईत त्यांचं काय झालं ते तुकड्यातुकड्यांनी कळलं. स्टुडिओतली ती जागा अर्थातच गेली होती. काही काळ कुठे कुठे रोजावर वाजवलं. मग एका वाद्यवृंदात मागल्या रांगेत जागा मिळाली. पत्र लिहिण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

कस्तुर माहेरी आली की मला भेटून जायची. तिने सांगितलं, पहिलं वर्षभर चेलो ओसरीवर नुसता उभा होता. सासूबाई त्यावर ओले पंचे टाकायच्या. मग श्रावणात घरोघर कानबाई बसल्या, आमच्या खानदेशातली देवी. बायका गाणी म्हणायला लागल्या, एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला. हिने पंचे बाजूला केले आणि खालचा सूर धरला. "बाई, समद्या एकदम एकाच सूरमा उन्यात," ती हसत म्हणाली. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतूनही तिला बोलावणं येऊ लागलं. दोन पुतण्यांना आणि शेजारच्या एका सुनेला ती शिकवतही होती. तिचा तो जाड आवाज आता कुणालाही न घाबरता घरभर फिरायचा.

मास्तरांना मी शेवटचं पाहिलं ते लढाई संपल्यानंतर, नंदुरबारच्याच स्टेशनवर. मी भुसावळला निघालेल्या माझ्या मावशीला पोहोचवायला गेले होते. सुरतेकडून गाडी आली. मावशीला बायकांच्या डब्यात बसवून मी प्लॅटफॉर्मवरून परत येत होते, तर पुढच्या एका डब्यातून मोठा गलका ऐकू आला. खिडकीत पाहिलं. वरच्या फळ्यांवर वाद्यांच्या पेट्याच पेट्या, आणि खाली सगळे गोव्याकडचे लोक. कुठल्यातरी शहरात कार्यक्रमाला निघाले असावेत. मिंगेलही होता. आणि मधोमध मास्तर. मिशीही आता पांढरी झालेली. ते बोलत होते. भरभर, मोठ्याने, कोकणीत, एकामागून एक, कुणाला मध्ये तोंड घालू न देता. सगळे हसत होते. आठ वर्षं ज्या माणसाच्या शेजारी मी राहिले, त्याला इतकं बोलता येतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

मी हाक मारावी की नाही, असा विचार करत उभी राहिले. तेवढ्यात त्यांनीच पाहिलं. "बाई!" ते लोकांच्या पायांवरून खिडकीशी आले. क्षणभर त्यांना मराठी शब्द सापडेनात. मग म्हणाले, "काकू बऱ्या?"

"बऱ्या आहेत. शेठही."

"कस्तुर?"

"वाजवते, मास्तर. कानबाईच्या गाण्यांना साथ करते. तिघांना शिकवतेय."

"तिघांक?"

"तिघांना."

त्यांनी दोन्ही हातांनी खिडकीच्या गजांना धरलं. शिट्टी झाली आणि डबा हलला. ते माझ्याकडे बघत राहिले नाहीत. झर्रकन मागे वळले, त्या सगळ्यांना हाताने गप्प केलं आणि सांगायला लागले. त्यातलं "कस्तुर" आणि "तिघांक" एवढं मला कळलं. गाडी पुढे सरकली, एकेक करून ती सगळी माणसं खिडकीशी वाकून प्लॅटफॉर्मकडे बघू लागली, आणि मास्तर माझ्याकडे पाठ करून, दोन्ही हात हवेत, सांगतच होते.